डाव्या मुठीत दोन घोडे

पहाटे सव्वापाच

गजर पावणेसहाचा लावलेला असतो, पण उठवतो मोरिट्झ. माझी खोली तबेल्यावरच्या माळ्यावर आहे आणि तो खाली पुढच्या नालेने फळी ठोकत राहतो. एक ठोका, मग जरा दम, मग दुसरा. माक्स कधीच ठोकत नाही. मोरिट्झने ठोकलं की चंदी दोघांनाही मिळते, हे त्याला फार पूर्वीच कळलेलं आहे. या जोडीबद्दल जे शिकायचं ते सगळं खरं तर पहाटेच्या या दहा मिनिटांत असतं. माझ्या हातांना ते कळायला पाच महिने लागले आणि अजून पुरतं कळलेलं नाही.

मी कोल्हापूरची. पोटापाण्यासाठी हॅम्बुर्गमध्ये संगणकासमोर बसते. मार्चपासूनचे शनिवार-रविवार आणि आता ऑगस्टमधली सगळी रजा मी हॅम्बुर्गच्या दक्षिणेला, ल्यूनेबुर्गच्या माळरानावर, एका घोडागाडीवाल्याकडे, माझ्या मास्तरांकडे, काढते आहे. या माळाच्या मध्यावर विल्झेडे नावाचं मूठभर घरांचं गाव आहे. पाहुण्यांनी तिथे मोटार न्यायची नाही. चालत जा, सायकलने जा, नाहीतर घोडागाडीने. त्यामुळे आसपासच्या उंडेलो, निडरहाफरबेक अशा गावांतून घोडागाड्या आजही पोटासाठी चालतात. मला नेमकं तेच हवं होतं. वरातीची बग्गी मिरवायला शिकणं वेगळं आणि रोज सोळा माणसं वाळूतून ओढणाऱ्या जोडीमागे बसणं वेगळं.

माक्स आणि मोरिट्झ ही नावं विल्हेल्म बुशच्या १८६५ सालच्या चित्रकथेतल्या दोन कारट्यांची. बुशही याच प्रांतातला. दोन घोडे एकत्र आणले की त्यांना ही नावं ठेवण्याचा मोह इथल्या माणसांना आवरत नाही. आमची जोडी मात्र कारटी नाही. प्रत्येकी सातशे किलोच्या आसपासची, रुंद छातीची, पावलं मोजून टाकणारी दणकट जात.

सहा

आधी गवत, मग चंदी. उलटं करायचं नाही. घोड्याचं पोट एवढ्या देहाच्या मानाने लहान असतं. त्याला थोडं थोडं, सारखं खायला लागतं आणि चंदी खाल्ल्यावर निदान तासभर तरी त्याला जुंपायचं नसतं. म्हणून आमचा सगळा दिवस मागे सरकत सरकत पहाटेवर येऊन आदळतो. पाण्याची बादली मोरिट्झ अर्धी पितो आणि अर्धी माझ्या पायांवर सांडतो.

मग लीद काढणं. यावर लिहिण्यासारखं काही नाही. ती काढायची.

साडेसहा

खरारा करताना मास्तर मागून येऊन उभे राहतात. "मॉइन." उत्तर जर्मनीत सकाळी, दुपारी, रात्री एवढा एकच नमस्कार चालतो. मास्तर सत्तरीचे आहेत आणि या अंगणात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. त्यांना 'दू' म्हणताना पहिला महिनाभर माझी जीभ जड झाली होती. आता तोंडाने 'दू' म्हणते आणि मनात 'अहो' लावते. त्यांना ते कळत नाही, पण माझं बरं चालतं.

खरारा अंग चकाकावं म्हणून नसतो, हे मला त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. हात फिरवायचा तो शोधण्यासाठी. काल साज जिथे घासला तिथे केस मोडलेत का, कातडी गरम लागते का, खांद्यापाशी सूज आहे का. मग चारही खूर उचलायचे, रुतलेले खडे काढायचे, नालेचे खिळे बघायचे. तळव्याच्या मध्यभागी जो मऊ त्रिकोण असतो त्याच्या खाचेत नाक नेऊन वास घ्यायचा. कुजका वास आला तर आजचा दिवस त्याला सुट्टी. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते चेष्टा करताहेत असं वाटलं होतं. आज मी न सांगता वास घेते.

सव्वासात

आता साज. यात मी रमते, आणि वाचणाऱ्यालाही जरा रेंगाळायला लावणार आहे.

आमच्याकडे बैलाच्या मानेवर जू टेकतं, कारण त्याला वशिंड आहे. घोड्याला वशिंड नाही. त्याच्या मानेवर भार टाकला तर तो स्वतःचाच गळा आवळत चालेल. त्याची ताकद खांद्यांत आहे, म्हणून जड ओढीसाठी त्याच्या गळ्यात जाड गादी भरलेलं एक लांबट कडं घालतात. कडं वरून निमुळतं, खाली रुंद. आणि गंमत अशी की ते सरळ घालताच येत नाही. घोड्याचं डोकं डोळ्यांपाशी सगळ्यात रुंद असतं, म्हणून कडं उलटं धरायचं, रुंद बाजू वर. तसंच ते कपाळावरून, डोळ्यांवरून सरकवायचं आणि गळ्याच्या बारीक जागी आलं की आयाळ वळते त्या बाजूने फिरवून सुलटं करायचं, म्हणजे केस पिंजत नाहीत. मोरिट्झ यासाठी डोकं खाली घालतो. माक्स डोकं वर करतो, डोळे मिटतो आणि मी चवड्यांवर उभी राहीपर्यंत शांतपणे वाट बघतो.

कडं बसलं की त्याच्या तळाशी, गळ्याखाली, सपाट हात सरकला पाहिजे. सरकला नाही तर श्वास कोंडेल, मूठ सरकली तर खांदा सोलेल.

मग पाठीचा पट्टा, पोटाचा पट्टा, शेवटी झापडांची मोहरकी. घोड्याला नाकासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर जवळजवळ सगळीकडचं दिसतं. मागे फिरणारं चाकही दिसतं, आणि आपल्या मागे लागलेलं काहीतरी फिरतंय हे दिसणं पळणाऱ्या जनावराला परवडत नाही. झापडं आहेत ती त्यासाठी. 'डोळ्यांवर झापडं' हे आपण शिवीसारखं वापरतो. घोड्याला विचारलं तर तो निराळं सांगेल.

लगामाबद्दल एक. मराठीत घोड्याच्या तोंडातल्या लोखंडालाही लगाम म्हणतात आणि स्वाराच्या हातातल्या वादीलाही. शिलेदार, बारगीर, पागा, अगाडी-पिछाडी, टाच अशा शब्दांनी आपली भाषा भरलेली आहे, पण ते सगळे घोड्यावर बसणाऱ्याचे शब्द. घोड्यामागे बसणाऱ्याचा शब्द शोधायला मला शेतात जावं लागलं. मी हातातल्या वाद्यांना कासराच म्हणते. मधल्या लाकडाला धुरा. टांग्याला एकच घोडा, त्याच्या दोन्ही अंगांना दोन दांड्या. जोडीला दांड्या नसतात. दोघांच्या मधून एकच धुरा जाते आणि बाहेरच्या बाजूला त्यांना अडवणारं काहीच नसतं. 'धुरा सांभाळणे' हा शब्दप्रयोग शाळेच्या निबंधात मी किती वेळा ठोकून दिला असेल! धुरा खरोखर कशाला लागते ते मला इथे कळलं. गाडी उतारावर पुढे आली की ती धरून ठेवायला.

आठ

जुंपण्याआधी रोज वीस मिनिटं लाकडी घोडा. घोडा कसला, भिंतीला ठोकलेली चौकट आहे. कप्प्यांवरून वाद्या जातात आणि टोकाला वजनं लोंबतात. हातात आल्यावर जोडीच्या तोंडाइतका भार लागावा अशी ती बेतलेली असतात. मार्चपासूनचे पहिले सहा आठवडे मी फक्त यावर काढले. खऱ्या घोड्याच्या तोंडावर हात शिकायचा नाही, हा इथला दंडक आहे आणि घोड्याच्या बाजूने पाहिलं तर यापेक्षा शहाणा दंडक मला माहीत नाही.

चौकटीवर बेन्नो फॉन आखेनबाखचं चित्र आहे. हा १८६१ साली जन्मलेला, निसर्गचित्रकार ओसवाल्ड आखेनबाखचा मुलगा. एडविन हाउलेट नावाच्या इंग्रज गाडीवानाकडे पॅरिसमध्ये त्याने गाडी हाकण्याची विद्या घेतली, पुढे कैसर विल्हेल्म दुसऱ्याच्या पागेत गाड्यांचा कारभार पाहिला आणि सगळं इतकं रेखून ठेवलं की आजही जर्मनीत शिकवतात ते त्याच्याच पद्धतीने. हुशार गाडीवान आपल्याकडेही झाले असतील. त्यांचं ज्ञान त्यांच्या हातांबरोबर गेलं.

पद्धत अशी. दोन्ही वाद्या डाव्या मुठीत. डावी वादी तर्जनीवरून, उजवी मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मधून. दोहोंत दोन बोटांचं अंतर. मूठ पोटासमोर, अंगठा सैल. उजवा हात मदतनीस. तो पुढे येतो, वादीला धरतो, काम झालं की परत जातो, आणि चाबूक कायम त्याच्याकडे. म्हणजे दीड हजार किलोंच्या आसपासचं जनावर धरायचं ते डाव्या हाताच्या चार बोटांनी. मी उजवखोरी. माझ्या डाव्या हाताने आयुष्यात चहाचा कप धरण्यापलीकडे फारसं काही केलं नव्हतं.

आणि वळायचं कसं? आपण सिनेमात पाहिलंय: डावीकडे जायचं तर डावा लगाम खेच. आखेनबाख म्हणतो, खेचू नको. उजवी सोड. वळणात बाहेरच्या घोड्याला जास्त अंतर कापायचं असतं. त्याला पुढे जायला जागाच दिली नाही तर तो जाणार कसा? बाहेरची वादी थोडी सैल सोडली की तो पुढे सरकतो, आतल्या घोड्याच्या तोंडावरचा भार आपोआप थोडा जास्त उरतो आणि जोडी वळते. जर्मनमध्ये याला एकच शब्द आहे, 'नाखगेबेन'. मास्तर दिवसातून शंभरदा म्हणतात. मराठीत सांगायचं तर 'सैल सोड', पण त्यात ढिलाई येते आणि नाखगेबेनमध्ये ती नाही. पतंगाला ढील देतात तसं. मांजा हातातच असतो.

साडेआठ

मागच्या अंगणात खडखडा उभा असतो. इथल्या भाषेत त्याला काही वेगळं म्हणतात, पण मी कोल्हापूरची. वर काही नाही, नुसता सांगाडा, चार चाकं, उंच बैठक आणि भक्कम ब्रेक. शाहू महाराज स्वतः खडखडा हाकत फिरायचे, आणि अस्पृश्य ठरवलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलापुढे गाडी थांबवून चहा घ्यायचे, हे लहानपणापासून ऐकलेलं. तेव्हा डोळ्यांसमोर फक्त चहा यायचा. आता वाटतं, भर रस्त्यात, माणसांच्या गर्दीत, तेजदार जनावरं शांत उभी ठेवायची आणि कपात चहा प्यायचा! ते सामाजिक धैर्य तर होतंच, पण त्या घोड्यांची तालीमही काय असेल.

जुंपण्याचा क्रम ठरलेला. दोघांना धुरेच्या दोन अंगांना आणायचं. मोरिट्झ डावीकडे, माक्स उजवीकडे. आधी कासरा लावून तयार ठेवायचा. मग कड्यापासून धुरेच्या टोकाला जाणारा पट्टा. त्यानंतर ओढीचे पट्टे, आधी बाहेरचा, मग आतला. सोडताना बरोबर उलटं. याचं कारण एकदा समजलं की क्रम पाठ करावा लागत नाही. ओढीचे पट्टे लागलेत आणि धुरेचा पट्टा नाही, अशा वेळी घोडा पुढे निघाला तर मागून गाडी त्याच्या ढुंगणावर येते. घोडा एकदा त्या भीतीने उधळला की पुढे कितीतरी महिने गाडी त्याच्या मनातून उतरत नाही. आणि गाडीला जुंपलेला असताना मोहरकी कधीही, कशासाठीही काढायची नाही.

मास्तर माझ्या शेजारी चढतात. कासरा आधी हातात, मग पायरीवर पाय, मग बैठक. उलटं कधीच नाही.

"शे-रिट्." शब्द लांबवायचा, पहिला भाग त्यांना जागं करायला आणि दुसरा निघायला. आम्ही निघालो. पन्नास पावलं गेल्यावर मास्तर म्हणाले, "बघ आणि सांग."

मी पाहिलं. मोरिट्झचे ओढीचे पट्टे ताठ, माक्सचे लोंबताहेत. माक्स चालत होता, कानही उभे होते, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की बिचारा केवढा कष्टाळू. ओढत मात्र काहीच नव्हता.

"थांबवू?"

"तुझी जोडी आहे."

ब्रर्र. ब्रेक. मास्तर उतरून घोड्यांसमोर उभे राहिले. आता कासऱ्याचा गाभा इथे आहे. माझ्या हातात दोनच वाद्या दिसतात, पण पुढे प्रत्येकीला फाटा फुटतो. डाव्या वादीचा बाहेरचा भाग मोरिट्झच्या डाव्या ओठाकडे जातो आणि आतला फाटा आडवा जाऊन माक्सच्या डाव्या ओठाकडे. उजव्या वादीचं तसंच उलटं. आडवं जायचं म्हणून आतला फाटा बाहेरच्यापेक्षा बारा सेंटिमीटर लांब असतो. हा फाटा जिथे जोडतात तिथे वादीला अकरा भोकं असतात, चार-चार सेंटिमीटरांवर. मधल्या, सहाव्या भोकात बक्कल असलं म्हणजे दोघे समान. पण समान घोडे मास्तरांनी आयुष्यात पाहिलेले नाहीत, असं ते म्हणतात.

मोरिट्झला मागे घ्यायचं होतं. त्याच्याकडे जाणारा आतला फाटा उजव्या वादीवर आहे, तो मी एक भोक आखडला. माक्सकडे जाणारा डाव्या वादीवर आहे, तो एक भोक सैल केला. एकीकडे घेतलं तेवढंच दुसरीकडे द्यायचं. बोटं थरथरत होती, बक्कल घट्ट होतं, नख मोडलं. पुन्हा निघालो. वीस पावलांत माक्सचा खांदा कड्यात शिरला आणि त्याच्या मानेवरची शीर फुगलेली दिसली. चार सेंटिमीटर! आमच्या कचेरीत कुणी एवढ्या लहान बदलाने दोघांमधलं काम वाटून दाखवावं.

आनंद फार टिकला नाही. दुडकी चाल घेतली, भुर्जांच्या रांगेनंतर डावं वळण आलं आणि माझा हात कोल्हापूरच्या सिनेमा थिएटरात परत गेला. मी डावी वादी ओढली. दोघेही आज्ञाधारक, त्यामुळे दोघेही झटकन डावीकडे वळले. मागचं डावं चाक आतून कापत गेलं आणि वाटेच्या कडेच्या धोंड्यावर चढलं. हे धोंडे हिमयुगात हिमनद्यांनी स्कँडिनेव्हियातून आणून टाकलेत. इतक्या लांबून येऊन तो बरोबर माझ्या चाकाखाली बसला होता. खडखडा एका बाजूला झुकला, क्षणभर आम्ही तीन चाकांवर, मग दाणकन खाली. माक्सने मान फिरवून झापडाच्या कडेवरून मागे बघायचा प्रयत्न केला. मास्तरांनी टोपी सरळ केली.

"नाखगेबेन," ते म्हणाले.

तेवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच वळणावरून आणखी पाच वेळा नेलं त्यांनी. पाचव्यांदा मी डाव्या हाताला काही करूच दिलं नाही, उजव्या हाताने बाहेरची वादी जेमतेम चार बोटं पुढे सोडली, आणि ती दोन धुडं वळणात अशी वाहत गेली की मला माझे हात तिथे आहेत हेही जाणवलं नाही. सहाव्यांदा पुन्हा बिघडलं.

साडेदहा

पाहुण्यांची गाडी. लांब, बाकांची, वर कापडी छत. ही मास्तर हाकतात. मी मोतद्दार. चढताना-उतरताना घोड्यांसमोर उभं राहायचं, तिकिटं तपासायची, आज्यांना हात द्यायचा. गाडीवान बसल्याशिवाय पाहुणे चढत नाहीत आणि पाहुणे उतरल्याशिवाय गाडीवान उतरत नाही.

मोरिट्झच्या कानाशी घोडमाशी बसली, त्याने डोकं झटकलं. मी म्हटलं, "थांब रे सोन्या, थांब." आणि रांगेतून आवाज आला, "अगं बाई, मराठी?"

पुण्याच्या काकू. मुलाकडे हॅम्बुर्गला तीन महिन्यांसाठी आलेल्या, बरोबर काका आणि कंटाळलेला नातू. काकूंनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग लग्न. तिन्ही उत्तरं मिळाल्यावर माझ्या लीद लागलेल्या बुटांकडे बघून म्हणाल्या, "आणि इथं घोडे धुतेस? आईला माहीत आहे?"

"माहीत आहे, काकू."

"काय म्हणते?"

"म्हणते, निदान बैल तरी हाकायचे, शेती तरी झाली असती."

काका हसले. काकू हसल्या नाहीत. चढता चढता थांबल्या. "पण मला सांग, या मुक्या जनावरांचे हाल नाही का होत गं?"

प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर हसण्यावारी उत्तर देत नाही. मुंबईतल्या हौशी सफरींच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या तेव्हा मला तो निकाल पटला होता आणि आजही पटतो. डांबर, उकाडा, हॉर्नचा गदारोळ यात घोड्याला जागा नाही. मी काकूंना माक्सच्या जवळ नेलं. "हात घाला इथे, कड्याखाली." त्यांनी भीत भीत घातला. "गरम आहे," म्हणाल्या. "ओलं नाही. जखमही नाही." मग जरा थांबून, "कातडी रेशमासारखी आहे गं."

याने प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. काकू चढल्या एवढं खरं.

वाट कुठे वाळूची, कुठे गोट्यांची. या दिवसांत दोन्ही अंगांना माळ जांभळा झालेला असतो. इथल्या लोकांचं गणित सोपं, आठ ऑगस्टपासून नऊ सप्टेंबरपर्यंत फुलोरा. काका म्हणाले, "कासच्या पठारासारखं." साधारण तसं, पण कासला फुलं आणि रंग बदलत राहतात. इथे एकच झुडूप, नजर जाईल तिथवर, मध्ये मध्ये खांबासारखे उभे ज्युनिपर. आणि हा माळ आपोआप राहिलेला नाही. काळ्या तोंडाची इथली मेंढरं कोवळी झाडं खातात म्हणून तो माळ आहे, नाहीतर त्याचं कधीच रान झालं असतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एगेस्टोर्फच्या बोडं नावाच्या पाद्र्याने देणगी मिळवून इथली टोटेनग्रुंट नावाची दरी विकत घेतली, ती बांधकामापासून वाचावी म्हणून. १९२१ मध्ये सगळा भाग संरक्षित झाला. मास्तर हे रोज सांगतात. शब्दही तेच, विनोदही तोच. मी रोज हसते.

साडेबारा

विल्झेडे. पाहुणे दोन तास पांगतात. घोडे ओकच्या सावलीत, पाणी, गवताची जाळी, कानांवर विणलेल्या टोप्या. मी भाकरीच्या आशेने नव्हे, कुट्टूच्या पिठाच्या केकच्या आशेने उभी असते. मध्ये साय, मध्ये आंबट लाल फळांचा मुरंबा. उपासाला चालेल का, असं काकूंनी विचारलं. कुट्टू चालेल, अंड्याचं काय ते तुम्ही ठरवा, म्हटलं. त्यांनी ठरवलं.

मास्तर गाडीखाली आडवे होऊन पंधरा मिनिटं झोपतात. माक्स उभ्या उभ्या झोपतो, खालचा ओठ लोंबतो. मोरिट्झ झोपत नाही, सायकली मोजतो.

साडेचार

दुसरी फेरीही झाली. या वेळचे पाहुणे विल्झेडेहून पायी परतणार होते. गाडी रिकामी. मास्तर बैठकीच्या डावीकडे सरकले आणि काही न बोलता कासरा माझ्यापुढे धरला.

मोठ्या गाडीवर पहिल्यांदा. खडखड्यावर आपण घोड्यांच्या अगदी मागे असतो. इथे मागे लांब लाकडी घर आहे आणि ते आपल्याबरोबर वळतं की नाही याची सतत धाकधूक. "शे-रिट्." निघाले. वाळू, मग गोटे, मग पुन्हा वाळू. एक सायकलवाला घंटी न वाजवता उजवीकडून घुसला, मोरिट्झ बुजला, अर्धं पाऊल आडवा झाला. मी काही केलं नाही. म्हणजे मूठ होती तिथेच ठेवली. तो माझ्या मुठीला येऊन टेकला आणि परत सरळ झाला.

मग माझ्या लक्षात आलं की डाव्या हाताला काहीतरी वेगळं लागतंय. सकाळपासूनचा तोल गेला होता. पाहिलं तर माक्सचे पट्टे ताणून तारेसारखे आणि मोरिट्झचे सैल. सकाळी ज्याला ओढ म्हणून सांगावं लागत होतं तो आता धुरेपुढे अर्धी मान काढून निघाला होता.

"हा सकाळचा माक्स नाही," मी म्हटलं.

"सकाळी आपण घरापासून लांब जात होतो," मास्तर म्हणाले. "त्याला घड्याळ कळतं."

म्हणजे बक्कल परत बदलायचं. थांबले, ब्रेक लावला. मास्तर उतरून घोड्यांसमोर गेले आणि मी वादीला हात घातला. या वेळी बोटं थरथरली नाहीत, पण घाईत मी एकीकडे आखडलं आणि दुसरीकडे सोडायला विसरले. दहा पावलांत दोघांची तोंडं आतल्या बाजूला वळली, एकमेकांच्या कानात गुपित सांगितल्यासारखी. पुन्हा थांबले. मास्तर पुन्हा उतरले. त्यांचा गुडघा दुखतो हे मला माहीत आहे, आणि त्यांनी ते दाखवलं नाही हेही मी पाहिलं. दुसरं बक्कल सैल केलं.

गावाच्या अलीकडे तेच भुर्जांचं वळण, आता उलट्या बाजूने, उजवं. मी डावी वादी सोडली. गाडी वळली. धोंडा जिथे होता तिथेच होता.

सहा

सोडणं. ओढीचे पट्टे, आधी आतला, मग बाहेरचा. धुरेचा पट्टा शेवटी. मोहरकी त्याहून शेवटी, तबेल्यात. कड्याखालच्या घामाच्या ओल्या रेघा कोमट पाण्याने पुसायच्या, पुन्हा हात फिरवायचा, पुन्हा सूज शोधायची. माक्सच्या डाव्या खांद्यावर आज रुपयाएवढी जागा किंचित गरम लागली. मास्तरांनी डोळे मिटून हात ठेवला. "उद्या सकाळी बघू," म्हणाले, आणि कड्याच्या आतली गादी बोटांनी दाबत बसले, जिथे ती दगडासारखी झाली होती ती जागा सापडेपर्यंत.

कुरणात सोडल्यावर मोरिट्झ लगेच लोळतो. माक्स आधी जागा निवडतो.

आठ

साजाच्या खोलीत चामड्याच्या तेलाचा आणि घामाचा वास. वाद्या ओल्या फडक्याने पुसते, मग तेल, मग फडकं पुन्हा. डावा हात कोपरापासून दुखतो आहे. मोडलेल्या नखाखाली काळं साचलं आहे, ते सोमवारी कचेरीतल्या बैठकीत मी टेबलाखाली लपवीन. परवान्याची परीक्षा ऑक्टोबरात आहे. आधी खासगी गाडीचा, तो झाला तर मग पाहुणे नेण्याचा. परीक्षकांपुढे लाकडी चौकटही असेल आणि डावं वळणही.

वाद्या खुंटीला टांगण्याआधी दोन्हींवरची बक्कलं काढून परत सहाव्या भोकात घालते.